नाताळच्या सुट्टीतला गड, आणि दिवाळीपासूनची तयारी

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात, गच्चीवर किंवा सोसायटीच्या जिन्याखाली मातीचा किल्ला उभा राहतो, तेव्हा त्या किल्ल्याचे खरे बांधकामप्रमुख बहुतेक घरांत आजोबाच असतात. विटा कशा रचायच्या, गोणपाट चिखलात किती भिजवायचे, अळीव केव्हा पेरले म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत तटाखाली हिरवळ उगवेल, हे त्यांना पाठ असते. नातवंडे बुरुजांवर मावळे मांडतात, आजी फराळाचे ताट तिथेच आणून ठेवते, आणि कुणीतरी विचारतेच, "यंदा नाताळच्या सुट्टीत कोणता गड?" दिवाळीत मातीचा किल्ला आणि डिसेंबरात सह्याद्रीतला, हा क्रम आता अनेक मराठी घरांची रीत झाला आहे. तारखा ठरतात, गाडी ठरते, कोण काय आणणार हे ठरते. या सगळ्या बोलण्यात किल्ला बांधणारे आजोबा मात्र हळूहळू गप्प होत जातात, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही.

वाचकहो, हा लेख त्या गप्प होण्याविषयी आहे. दरवर्षी या दिवसांत माझ्या दवाखान्यात दोन प्रकारची माणसे येतात. मुलगा किंवा सून येते आणि म्हणते, "डॉक्टर, बाबांना तुम्हीच सांगा, गडावर येऊ नका म्हणून. आमचे ऐकत नाहीत." दोन दिवसांनी बाबा एकटेच येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, मुलाला तेवढे सांगा, मला काही झालेले नाही म्हणून." दोघांनाही माझ्याकडून निकाल हवा असतो. बाबा न थांबता किती जिने चढू शकतात, हे मात्र दोघांपैकी कुणीही मोजलेले नसते.

माझे मत सरळ आहे. वय हे काही या प्रश्नाचे उत्तर नव्हे. सत्तरीतली एखादी आजी रोज टेकडी चढून येते आणि पंचेचाळिशीतला तिचा मुलगा लिफ्ट बंद पडली तर दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभा राहतो, हे दृश्य दुर्मीळ राहिलेले नाही. उत्तर मिळते ते मोजमापातून आणि सहा ते आठ आठवड्यांच्या तयारीतून. दिवाळी आणि नाताळ यांच्या मध्ये साधारण तेवढाच अवधी असतो, ही आपल्या पंचांगाची आपल्यावर मोठीच कृपा आहे.

चढणे ही आपल्याकडे नवी हौस नाही. जेजुरीचा गड, वणीची सप्तशृंगी, पुण्याची पर्वती या पायऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन चढलेल्या आहेत. फरक एवढाच, की त्या वर्षभर विहिरीवरून पाणी आणत, जात्यावर दळत आणि जमिनीवर बसून उठत. त्यांची तयारी आपोआप होत असे. आपली होत नाही, म्हणून ती मुद्दाम करावी लागते.

उदाहरणासाठी आपण लोहगड घेऊ. सहकुटुंब जाण्यासाठी मी सुचवतो तो हाच. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरून भाज्यावरून चालत जाता येते. ती चाल दीड-दोन तासांची आहे आणि ती तरुणांना खुशाल करू द्यावी. ज्येष्ठांना गाडीने थेट पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत जाता येते आणि तिथून बांधीव पायऱ्या सुरू होतात. वाटेत एकामागून एक चार दरवाजे लागतात. आधी गणेश दरवाजा, मग नारायण, मग हनुमान आणि शेवटी महादरवाजा. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा गड मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये स्वराज्यात परत आला. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांतही लोहगड आहे. नातवंडांना सांगायला एवढे पुरे. पण डॉक्टर म्हणून मला या गडाचे चार दरवाजे अधिक मोलाचे वाटतात. का, ते पुढे येईलच.

उंचीविषयीची एक भीती आधी काढून टाकू. "वर हवा विरळ असते, श्वास लागेल," असे अनेकांना वाटते. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. लोहगड समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास आहे आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर असलेले कळसूबाईदेखील १,६४६ मीटरच आहे. तेव्हा सह्याद्रीत दम लागला, तर दोष हवेला देऊ नये. तो चढाचा असतो, सरावाच्या अभावाचा असतो किंवा हृदय, फुप्फुसे आणि रक्त यांच्यापैकी कुणाची तरी तक्रार असते. केदारनाथसारख्या साडेतीन हजार मीटरवरच्या ठिकाणांची गोष्ट निराळी. तिथे जायचे असेल, तर या लेखावर विसंबू नये.

आता मोजमाप. पहिले घरच्या जिन्यावर करता येते. सोबत कुणाला तरी घ्या आणि नेहमीच्या गतीने दोन मजले, म्हणजे साधारण चाळीस पायऱ्या, न थांबता चढा. वर पोहोचल्यावर धाप थोडी वाढलेली असेल, पण एक पूर्ण वाक्य न तोडता बोलता आले पाहिजे. दोन मजले असे चढता येणे ही हृदय आणि फुप्फुसे मध्यम कष्टाला पुरी पडत असल्याची जुनी आणि विश्वासार्ह खूण आहे. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञही रुग्णाला हेच विचारतात.

दुसरे मोजमाप खुर्चीचे. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी घालून बसा आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते, ते मोजायला नातवाला सांगा. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या पुरुषांना किमान १२ आणि स्त्रियांना ११ वेळा जमले पाहिजे. सत्तर ते चौऱ्याहत्तर या वयात पुरुषांना १२ आणि स्त्रियांना १० वेळा. याहून कमी आले, तर मांड्यांतले बळ उणे आहे आणि पडण्याचा धोका अधिक आहे, असे समजावे. त्याचा अर्थ गड रद्द असा नव्हे. तयारी आजच सुरू करावी, एवढाच त्याचा अर्थ. हात टेकल्याशिवाय एकदाही उठता येत नसेल, तर मात्र आधी डॉक्टरांना भेटावे.

काही जणांनी मोजमापाच्याही आधी दवाखान्याची पायरी चढावी. मागच्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा पक्षाघात झाला असेल, तर आपल्या तज्ज्ञांची स्पष्ट परवानगी घेतल्याखेरीज बेत करू नये. रक्तदाब १८०/११० च्या घरात जात असेल, तर तो आधी आटोक्यात आणायचा. मधुमेह असून पावलाला जखम असेल, तर ती भरेपर्यंत गड नाही. चढताना कधी भोवळ आली असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली असेल, तर ती गोष्ट "पित्त झाले होते" म्हणून सोडून देऊ नये. हृदयाची झडप अरुंद झाल्याचे ते लक्षण असू शकते. आणि घरातील स्त्रियांना लवकर दम लागत असेल, तर एकदा हिमोग्लोबिन जरूर तपासावे. घरभर सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते खाणाऱ्या पिढीतल्या आजींचा दम पुष्कळदा हृदयाचा नसून रक्तक्षयाचा असतो आणि तो बरा होतो.

इथे एका कठीण विषयाकडे यायला हवे. ज्येष्ठ माणसे लक्षणे लपवतात. चढताना छातीवर दडपण येते, थांबले की पाच मिनिटांत जाते. ते कुणाला सांगितले, तर गड जाईल, पाठोपाठ स्कूटरची किल्ली जाईल, एकट्याने बाजारात जाणे जाईल, हे त्यांना पक्के ठाऊक असते. म्हणून ते थांबतात ते बुटाची नाडी बांधण्याचे निमित्त करून, दरी पाहण्याचे निमित्त करून किंवा मोबाइलवर फोटो काढण्याचे निमित्त करून. कष्टाने येणारे आणि विश्रांतीने जाणारे दडपण म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची हाक असते. मधुमेही माणसात आणि वाढत्या वयात ती हाक छातीतून न येता जबड्यातून, डाव्या खांद्यातून, पोटाच्या वरच्या भागातून किंवा नुसत्या धापेतून येते. एकही कळ न येता फक्त "हल्ली दम लागतो" एवढेच जाणवू शकते.

हे लपवणे हट्टीपणाचे नाही, भीतीचे आहे. ती भीती आपणच, म्हणजे मुलांनी, सुनांनी आणि आम्ही डॉक्टरांनी निर्माण केलेली आहे. एखादे लक्षण सांगितल्याबरोबर आपण पहिली शिक्षा सुनावतो ती "आता तुम्ही घरी बसा" ही. मग पुढच्या वेळी कोण सांगेल? तेव्हा काळजी घेणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. वडील किंवा सासूबाई काही सांगू लागल्या, तर आधी पूर्ण ऐकून घ्या आणि म्हणा, "बरे झाले आत्ताच सांगितलेत, अजून सहा आठवडे आहेत." ईसीजी, टूडी एको, गरज पडल्यास ट्रेडमिल चाचणी हे सगळे त्या सहा आठवड्यांत होऊ शकते. कित्येकदा औषधाची मात्रा बदलून माणूस डिसेंबरात पायऱ्या चढताना दिसतो. आणि ज्येष्ठ वाचकांना एवढेच सांगतो, की गडाच्या मध्यावर उघडी पडलेली गोष्ट सर्वांची सहल संपवते. दवाखान्यात उघडी पडलेली गोष्ट बहुधा फक्त एक गोळी वाढवते.

तयारी कशी करायची? पहिले दोन आठवडे रोज वीस ते तीस मिनिटे सपाटीवर चालणे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा गतीने. सोबत खुर्चीतून उठबस, दहा-दहाच्या दोन खेपा. ओट्याला धरून टाचा उचलणे हे स्वयंपाक करताना, कुकरच्या शिट्ट्या मोजतादेखील होते. तिसऱ्या आठवड्यापासून जिना घ्यावा. आधी एक मजला, मग दोन, मग मधे थांबून चार. पाचव्या आठवड्यात गावाजवळची टेकडी. पुण्यात तळजाई किंवा वेताळ टेकडी आहे. इतरत्र एखादे टेकडीवरचे देऊळ किंवा नदीचा घाट असतोच. जायच्या आधीच्या आठवड्यात एकदा पूर्ण पोशाखात, तेच बूट घालून आणि तीच पिशवी घेऊन दीड तासाची रंगीत तालीम करावी. शेवटचे तीन दिवस अंग मोकळे ठेवावे. जाण्याच्या आदल्या दिवशी उत्साहाने शंभर पायऱ्या चढणारे उत्साही लोक मी पाहतो. गडावर तेच मागे राहतात.

चढाची तयारी सगळे करतात, उताराची कुणी करत नाही, आणि गुडघा दुखतो तो उतारावर. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार तोलून धरत असतात. असे काम स्नायूंना सर्वांत जड जाते आणि गुडघ्याच्या वाटीवर दाब वाढतो. चढून गेल्यावर पाय थकलेले असतात, परतीची घाई असते, सांजेचा उजेड उतरत असतो. पाय घसरण्याची वेळ हीच. म्हणून जिन्याच्या सरावात उतरणे सावकाश करावे. कठड्याला हात ठेवून एक पायरी उतरायला मनात तीन आकडे मोजावेत. हा सराव तीन-चार आठवडे झाला, की त्याच गुडघ्यांना तोच उतार सोपा जातो.

"गुडघ्यांतून कटकट आवाज येतो, मग चालायचे कसे?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो. वेदना आणि सूज नसेल, तर नुसत्या आवाजाला घाबरू नये. झीज झालेल्या सांध्यालाही चालणे आणि मांडीचे व्यायाम हितकारकच असतात. चालल्यानंतर वाढलेले दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर आले, तर तेवढा व्यायाम सोसला असे समजावे. दुसऱ्या दिवशीही ते वाढलेलेच असेल किंवा गुडघा गरम होऊन सुजला असेल, तर मात्रा कमी करावी.

काठी घ्यावी, आणि लाज न बाळगता घ्यावी. परदेशी गिर्यारोहकांच्या हातात दोन काठ्या दिसल्या, की आपल्याला त्या आधुनिक वाटतात. आजोबांच्या हातात एक दिसली, तर म्हातारपण वाटते. काठी धरून सरळ उभे राहिल्यावर कोपर काटकोनाच्या जवळपास वाकले पाहिजे. लांबी कमी-जास्त होणारी काठी असेल, तर उतरताना ती थोडी वाढवावी.

चष्म्याविषयी सहसा कुणी सांगत नाही. दूर आणि जवळ अशा दोन्ही नंबरांच्या चष्म्यातून खाली पाहिले, की नजर जवळच्या नंबरातून जाते आणि पायरीची कड पुसट दिसते. घरच्या सपाट फरशीवर हे खपून जाते. दगडी, झिजलेल्या, कमी-अधिक उंचीच्या पायऱ्यांवर खपत नाही. गडासाठी फक्त दूरच्या नंबराचा साधा चष्मा करून घ्यावा. तो स्वस्तात होतो आणि तयारीच्या आठवड्यांतच वापरून सवय करावी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर नेत्रतज्ज्ञांना विचारल्याखेरीज निघू नये.

औषधांचा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण सहलीच्या दिवशी अनेक घरांत दोनपैकी एक चूक होते. औषधे सरसकट चुकवली तरी जातात किंवा काहीच विचार न करता रोजच्याप्रमाणे घेतली तरी जातात. रक्तदाबासाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल जातीची गोळी चालू असेल, तर नाडी फारशी वाढत नाही. तेव्हा हातातल्या घड्याळात दिसणाऱ्या ठोक्यांवर विसंबू नये, बोलता येते की नाही हीच कसोटी ठेवावी. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर चढणीच्या दिवशी ती केव्हा आणि किती घ्यायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर चालण्याने उतरते. ती केवळ चढतानाच नव्हे, घरी आल्यावर त्या रात्रीही उतरू शकते. म्हणून रात्रीचे जेवण चुकवू नये आणि झोपण्यापूर्वी साखर तपासावी. मांडीत इन्सुलिन टोचून लगेच चढायला लागले, तर ते रक्तात लवकर उतरते. त्या दिवशी पोटावर टोचणे बरे. एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांच्या शरीरातले पाणी लघवीवाटे अधिक जाते, हे लक्षात ठेवावे. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांनी बसल्यावर झटकन उठू नये. आधी पाय हलवावेत, मग उठावे.

सर्वांत धोकादायक गोळी मात्र बहुधा घरातल्या कुणाच्या तरी पर्समधून येते. गुडघा दुखू नये म्हणून चढण्यापूर्वीच घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन. घामाने शरीर कोरडे पडलेले, त्यात रक्तदाबाची आणि लघवीची औषधे चालू, त्यावर ही वेदनाशामक गोळी. या तिघांच्या संगनमताने मूत्रपिंड एका दिवसात अडचणीत येऊ शकते. दुखणे असह्य असेल, तर पॅरासिटामॉल घ्यावे, तेही आपल्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पडल्यावर डोक्याला लागलेला किरकोळ मारही किरकोळ समजू नये.

आता पाणी. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घ्यावेत. हे सांगणे सोपे आहे. पण घराबाहेर पडलेल्या आजी पाणी का पीत नाहीत, हे आपण विचारतो का? वाटेत स्वच्छतागृह नाही, असले तरी जाण्याजोगे नाही आणि सुनेला सांगायचा संकोच. म्हणून त्या सकाळपासून घोटभर चहावर राहतात. दुपारी त्यांना चक्कर येते, तेव्हा सगळे म्हणतात, उन्हाने आली. यावर उपाय गोळीचा नाही, नियोजनाचा आहे. निघण्यापूर्वी कुठे थांबायचे ते हेरून ठेवावे, पायथ्याच्या हॉटेलात आधी विचारावे आणि घरातल्या एखाद्या स्त्रीने हा विषय स्वतःहून काढावा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलेले असेल, तर त्या दिवशीचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

शिदोरी हा तर सहलीचा आत्मा. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, उकडलेली रताळी, काकडी. आमच्या पिढीने हेच खाल्ले आणि पोटाला ते वेष्टनातल्या कुरकुरीत पदार्थांपेक्षा पुष्कळ मानवते. लोणचे आणि पापड यांत मीठ फार, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी बेताने घ्यावे. मधुमेह्यांनी खिशात, बॅगेत नव्हे, साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोज ठेवावे. हातपाय थरथरले, घाम सुटला, जीभ जड झाली, तर आधी साखर तोंडात आणि मग चर्चा. वर मिळणारे ताक आणि लिंबू-सरबत छानच लागते. फक्त पाणी कुठले आहे, ते पाहावे. माकडांसमोर डबा उघडू नये. दगडी कपारींत आग्या मोहोळे असतात, म्हणून अत्तर, परफ्यूम आणि धूर टाळावा, आणि नातवंडांना दगड मारू देऊ नये.

आता त्या चार दरवाजांकडे येऊ. गड म्हणजे माथा, माथ्याला पाय लागला तरच गड झाला, ही समजूत आपण तरुणपणी करून घेतलेली असते. आजारी पडतात ती माणसे पुष्कळदा या समजुतीपायी. त्याऐवजी निघण्यापूर्वी घरीच ठरवावे. गणेश दरवाजा हा पहिला मुक्काम. तिथे पंधरा मिनिटे बसायचे, पाणी प्यायचे, आजोबांनी तहाची गोष्ट सांगायची. ज्याला तिथेच थांबावेसे वाटेल, त्याचा गड तिथे झाला. पुढे जाणाऱ्यांचा पुढच्या दरवाजात. प्रत्येक दरवाजात हाच प्रश्न सर्वांना विचारायचा, एकट्या आजोबांना नाही. आठ वर्षांची नात "मी थांबते" म्हणाली, तर तिच्याबरोबर थांबणे आजोबांनाही सोपे जाते. थांबणाऱ्याबरोबर कोण राहणार, हेही आधीच ठरलेले असावे आणि त्याने ते कपाळावर आठी न घालता करावे. माथ्यावर जाणाऱ्यांनी परतीची वेळ सांगून जावे. विंचूकाट्यापर्यंत जाऊन यायचा मोह होतोच आणि खाली थांबलेले तास मोजत बसतात.

चालण्याची गती सर्वांत हळू चालणाऱ्याची असावी आणि तो रांगेत पुढे असावा, मागे नव्हे. मागे राहिलेला माणूस धापा टाकत पोहोचतो आणि तो पोहोचताच विश्रांती घेतलेले बाकीचे उठून चालू लागतात. त्याला विश्रांती कधीच मिळत नाही. सकाळी लवकर निघावे, पण इतके लवकरही नको, की औषधे आणि नाश्ता राहून जाईल.

छातीतले दडपण थांबूनही पाच मिनिटांत गेले नाही, बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा शुद्ध हरपली, तर खाली चालवत आणू नये. बसवावे, घट्ट कपडे सैल करावेत, १०८ ला फोन करावा आणि वाडीतल्या लोकांना हाक द्यावी. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी फक्त ज्याला लिहून दिलेली आहे, त्यानेच आणि बसूनच घ्यावी. शेजाऱ्याची नव्हे. औषधांची यादी, रक्तगट आणि घरच्यांचे क्रमांक लिहिलेला कागद खिशात असावा. मोबाइल बंद पडतो, कागद पडत नाही.

ज्यांना पायरीदेखील चढता येत नाही, त्यांचे काय? रायगडाला रोपवे आहे, सिंहगडाच्या माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे, सप्तशृंगीला ट्रॉली आहे. अशा ठिकाणी एक वर्षाआड बेत केला, तर गुडघ्यांनी नाही म्हटलेल्या आजींनाही वाऱ्यावर बसून पिठले-भाकरी खाता येते. विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीला नेताना गर्दीचा दिवस टाळावा, एक माणूस केवळ तिच्यासाठी ठेवावा, नाव आणि क्रमांक कपड्याला शिवून द्यावा आणि सूर्य कलण्यापूर्वी घरी परतावे. अनोळखी जागा आणि संध्याकाळ ही जोडी अशा रुग्णांना फार गोंधळात टाकते.

आणि अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची वर्षभर सेवा करणारी सून किंवा मुलगी असेल, तर या सहलीला तिने जायलाच हवे, असे मी म्हणेन. तिच्या जागी दोन दिवस कोण राहणार, हे दिवाळीतच भावंडांनी वाटून घ्यावे. आत्याने किंवा धाकट्या काकांनी एक दिवस आधी येऊन औषधांच्या वेळा, कूस बदलण्याची रीत आणि खाण्याच्या सवयी समजून घ्याव्यात. गडावर तिला दर तासाला फोन करून "आईंची गोळी कुठे ठेवली आहे?" असे विचारले, तर ती गेली काय आणि न गेली काय, सारखेच.

परतल्यावर त्या रात्री मधुमेह्यांची पावले उजेडात नीट पाहावीत, बोटांच्या बेचक्या आणि टाचाही. बधिर झालेल्या पावलाला फोड आल्याचे कळत नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या दुखतील, जिना उतरताना तर अधिकच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे दुखणे सर्वांत जास्त असते आणि मग ओसरते. कोमट पाणी, हलके चालणे आणि पुरेसे पाणी पिणे एवढे पुरते. लघवी फार गडद किंवा चहासारखी झाली, तर थांबू नये. दुखणे दोन्ही पायांत सारखे असेल, तर काळजीचे कारण नसते. एकच पोटरी सुजली, गरम लागली आणि दाबल्यावर दुखली, तर चोळू नये, शेकू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.